रस्त्याची वाटणी : हॉलंडमधील नऊशे किलोमीटर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘हॉलंडमधील सायकलप्रवास’ हा विषय पाहून काल रात्री पंगतीत एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, ‘सर, महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव एवढे प्रश्न समोर असताना सायकल कशाला?’ प्रश्न रास्त होता. मी त्याला म्हटले, उद्या ऐक आणि मग सांग. तेव्हा आजचे माझे बोलणे हे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे. प्रवासवर्णन त्यात येईल, पण ते पुराव्यापुरते.

प्रथम दोन घरगुती गोष्टी सांगतो. माझे वडील तालुक्याच्या गावी एका छापखान्यात जुळारी होते. त्यांची काळी सायकल ही आमच्या घरातील सर्वांत मोलाची वस्तू. तिच्यासाठी दरवर्षी नगरपालिकेचा कर भरावा लागे आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला हॅन्डलला लावावा लागे. बिल्ला नसला की नाक्यावर शिपाई अडवीत असे. लहानपणी मला त्या बिल्ल्याचा अभिमान वाटे. कारण रस्त्यासाठी आपणही पैसे देतो, असे वडील सांगत.

दुसरी गोष्ट पुढची, पुण्यातली. आमच्या महाविद्यालयातील एक शिपाई रोज नऊ किलोमीटर सायकल चालवून सकाळी साडेसहाला वर्ग उघडण्यासाठी येत असे. त्याच्या वाटेवरचा रस्ता रुंद झाला, त्यावर उड्डाणपूल आला आणि रुंदीकरणात कडेची मोकळी पट्टी गेली. एके दिवशी पहाटे भरधाव मोटारीने त्याला उडवले. शोकसभेत ‘अपघाती निधन’ असा ठराव झाला. एक सहकारी हळूच म्हणाले, ‘या वयात एवढ्या रहदारीत सायकल चालवायची कशाला?’ मी त्या सभेचा अध्यक्ष होतो. तीस वर्षे सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकवलेला मनुष्य होतो. मी काहीही बोललो नाही. रस्ता ज्याने रुंद केला त्याच्याकडे, ज्याने नकाशा काढला त्याच्याकडे बोट दाखवावे, हे मला सुचलेही नाही. ही लाज घेऊनच मी हॉलंडला गेलो, असे म्हटले तरी चालेल.

२०१७ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. माझा भाचा आइंडहोवन येथे नोकरीला होता. तेथे काय पाहायचे आहे असे त्याने विचारले, तेव्हा मी म्हटले, मला तुझी जुनी सायकल दे. त्याने प्रथम आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, फोन लावला. मग सात गिअरची एक जड सायकल काढून दिली. जून महिन्यात बावीस दिवसांत मी सुमारे नऊशे किलोमीटर प्रवास केला. ब्रेडा, झीलंडची बेटे, रॉटरडॅम, डेल्फ्ट, लायडन, हार्लेम, आल्कमार. तेथून समुद्रातल्या बांधावरून फ्रीसलंड, पुढे ग्रोनिंगन आणि मग दक्षिणेकडे झ्वोले, आर्नहेम, नायमेगन करून पुन्हा आइंडहोवन. दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. यात पराक्रम काही नाही. त्या देशात सत्तर वर्षांच्या आजीबाई हे सहज करतात.

पहिल्याच दिवशी मला नवल वाटले ते पाट्यांचे. नकाशा, यंत्र, भाषा, कशाचीच गरज पडेना. दोन सायकलवाटा जेथे मिळतात तेथे एक क्रमांक लिहिलेली पाटी असते आणि पुढच्या क्रमांकाकडे जाणारा बाण असतो. सकाळी कागदावर आठ-दहा आकडे लिहून हॅन्डलला अडकवायचे की दिवसाचे काम झाले. ही कल्पना मूळची शेजारच्या बेल्जियममधील लिंबर्ख प्रांताची. तेथे ह्यूगो बोलेन नावाचे एक खाण-अभियंता होते. कोळशाच्या खाणीत भुयारांच्या चौफुल्यांना क्रमांक देत, म्हणजे अंधारात कामगार वाट चुकत नसे. १९९२ साली तेथली शेवटची खाण बंद पडली. तीच युक्ती बोलेन यांनी उजेडात, सायकलस्वारांसाठी वापरली. १९९५ साली लिंबर्खमध्ये असे पहिले जाळे उभे राहिले आणि पुढे ते हॉलंडभर पसरले. खाण कामगाराला वाट दाखवणारा आकडा आज शाळकरी मुलाला वाट दाखवतो आहे, हे कळल्यावर मी त्या पाट्यांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास आणि सायकली त्याहून अधिक. लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून काही अधिक सायकलीवर होतात. मंत्री सायकलीवर कचेरीत जातात, कारकूनही जातात. हे कसे घडले? आपल्याकडे याची तीन उत्तरे ठरलेली आहेत. देश सपाट आहे. देश श्रीमंत आहे. आणि त्या लोकांना सवयच आहे. ही तिन्ही उत्तरे मीही वर्गात दिली असतील. प्रवासात ती एकेक करून गळून पडली.

सपाटपणाचे उत्तर आफ्स्लाउटडाइकवर गळाले. हा बत्तीस किलोमीटरचा बांध. झाउडरझे हा समुद्राचा आत घुसलेला भाग अडवण्यासाठी १९३२ साली तो पुरा झाला आणि आतल्या खाऱ्या पाण्याचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. त्या बांधावर झाड नाही, आडोसा नाही. सकाळपासून वारा तोंडावर होता. बत्तीस किलोमीटरला मला जवळजवळ चार तास लागले. चढ असला तर त्याला उतार तरी असतो; वाऱ्याला उतार नसतो. मी हाशहुश करीत असताना एक वृद्धा बॅटरीच्या सायकलीवरून मला मागे टाकून गेली आणि जाताना हात हलवून गेली. सपाटपणा हे सायकलीचे कारण असेल, तर तेवढेच सपाट असलेले जगातले इतर प्रदेश सायकलींनी भरून जायला हवे होते.

श्रीमंतीच्या आणि सवयीच्या उत्तरांना तेथील इतिहासच खोडून काढतो. पन्नाशीच्या दशकात, युद्धाने खिळखिळा झालेला तो देश आजच्या मानाने गरीब होता, तेव्हा अॅमस्टरडॅममध्ये बहुसंख्य फेऱ्या सायकलीवर होत. पुढे पगार वाढले, मोटारी आल्या आणि सत्तरीच्या सुमारास सायकलीचा वाटा चौथाईवर घसरला. म्हणजे श्रीमंतीने सायकल आणली नाही. श्रीमंतीने ती घालवली होती. सवयही वीस वर्षांत मोडीत निघाली होती. शहरांत कालवे बुजवून रस्ते काढण्याच्या योजना होत्या. उट्रेख्टमध्ये जुन्या खंदकाचा काही भाग बुजवून तेथे खरोखरच मोटारींचा राजमार्ग केला गेला. आपल्या शहरांत आज जे चालले आहे, ते तेथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी चालले होते, आणि तेही ‘विकास’ याच नावाने.

मग पालटले कशाने? हे मला हार्लेमजवळच्या एका गावात कळले. त्या देशात सायकलस्वारांना आपल्या घरी अल्प दरात रात्रीची जागा आणि न्याहारी देणाऱ्या कुटुंबांची एक संघटना आहे. १९८४ पासून ती चालते. मी बहुतेक रात्री अशाच घरांत काढल्या. हार्लेमजवळच्या त्या घरी एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. जेवताना मी त्यांना म्हटले, तुमचा देश सायकलीसाठीच जन्मलेला दिसतो. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘आम्ही खुर्च्या घेऊन रस्त्यात बसलो होतो.’

१९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले मेली. १९७२ साली रस्त्यांवरील एकूण मृत्यू बत्तीसशेच्या वर गेले. तो तेथील उच्चांक. विक लांगेनहॉफ नावाच्या एका पत्रकाराची मुलगी शाळेत जाताना मोटारीखाली सापडली. त्याने ‘द टाइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्यातून ‘बालहत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली. नावाकडे लक्ष द्या. ‘रस्तासुरक्षा’ नाही, ‘अपघात निवारण’ नाही. अपघात म्हटले की कोणीच जबाबदार नसतो. हत्या म्हटले की कोणी केली हा प्रश्न येतो. आयांनी आणि शिक्षकांनी रस्ते अडवले. सायकली आडव्या टाकून माणसे भर चौकात प्रेतासारखी निजली. शिक्षिका बाईंचे मूल तेव्हा दोन वर्षांचे होते. ते मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. ‘पोलीस आले, तेव्हा मला भीती वाटली,’ त्या म्हणाल्या, ‘पण मोटारीची भीती मला रोजच वाटत होती.’

मित्रहो, ते वाक्य ऐकून मला आमच्या शिपायाची शोकसभा आठवली. आम्ही ‘अपघाती’ हा शब्द ठरावात लिहिला होता आणि तो लिहून मोकळे झालो होतो.

याच सुमारास दुसरी घटना घडली. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी हॉलंडला तेल नाकारले. त्या वेळी तेथे मजूर पक्षाचे योप डेन औल पंतप्रधान होते, अर्थशास्त्राचेच विद्यार्थी. त्यांच्या सरकारने नोव्हेंबर १९७३ पासून जानेवारी १९७४ पर्यंत रविवारी मोटारी चालवण्यास बंदी केली. लोक राजमार्गावर सायकली, घोडे, चाकांचे स्केट घेऊन उतरले. रिकामा रस्ता किती मोठा असतो, हे एका पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तेलटंचाई सगळ्याच युरोपला जाणवली होती. परंतु जेथे रस्त्यावर आधीच चळवळ उभी होती, तेथे त्या टंचाईचे धोरण झाले. जेथे नव्हती, तेथे ती नुसती आठवण होऊन राहिली. संकट आपोआप काही शिकवीत नसते. शिकवणारा आधी तयार असावा लागतो.

येथे संघटनेच्या दृष्टीने एक बोधप्रद प्रकरण आहे. हॉलंडमधील मोटारवाल्यांची सर्वांत मोठी संस्था १८८३ साली स्थापन झाली, ती सायकलस्वारांची संघटना म्हणून. सभासद मोटारी घेऊ लागले तशी संस्थाही मोटारवाल्यांची झाली. नाव तेवढे सायकलस्वारांचे राहिले. तेव्हा १९७५ साली कार्यकर्त्यांनी नवी संघटना काढली आणि तिचे नाव ठेवले ‘खरा डच सायकलस्वार संघ’. जुन्या संस्थेने नावावरून कोर्टात खेचले, नाव बदलावे लागले, पण संघटना वाढली. गावोगावच्या शाखांनी धोक्याच्या जागांचे नकाशे काढले, नगरपालिकेच्या सभांना हजेरी लावली, अंदाजपत्रके वाचली. हे काम मोर्चाइतके दिसत नाही. पण मोर्चात जे मागितले, ते या कामाने मिळाले. ‘खरा’ हा शब्द आपल्याही चळवळीत कितीदा लागला आहे, हे मी या श्रोत्यांना सांगायला नको!

प्रवासाच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी ग्रोनिंगनला पोहोचलो. हे उत्तरेकडील विद्यापीठाचे शहर. नगरपालिकेतील वाहतुकीचे काम तेथे सत्तरीच्या दशकात मजूर पक्षाचे तरुण कारभारी माक्स फान डेन बेर्ख यांच्याकडे होते. पुढे ते पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. त्यांच्या योजनेनुसार शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. पायी आणि सायकलीने एका भागातून दुसऱ्यात सरळ जाता येई. मोटारीला मात्र बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन दुसऱ्या बाजूने आत यावे लागे. सप्टेंबर १९७७ मध्ये एका रात्रीत एकदिशा मार्गांच्या पाट्या बदलल्या आणि योजना अमलात आली. दुकानदारांनी कडाडून विरोध केला. आमचे गिऱ्हाईक तुटेल, असे त्यांचे म्हणणे. योजना टिकली. आज त्या शहरात निम्म्याहून अधिक फेऱ्या सायकलीवर होतात आणि मधल्या चौकातील दुकाने चालू आहेत. मी त्या चौकात तासभर बसून होतो. गर्दी मोठी, पण आवाज माणसांचा. या योजनेला फार मोठे बांधकाम लागले नव्हते. जागा तीच होती. तिची वाटणी बदलली होती.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर मुद्दा एवढाच आहे. शहरातील रस्ता ही सार्वजनिक मालकीची, मर्यादित आणि अत्यंत महागडी जमीन आहे. ती कोणाला किती द्यायची हा वाटपाचा प्रश्न आहे. जमिनीच्या फेरवाटपावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोललो. पण रोज ज्या जमिनीवरून जातो, तिचे वाटप होत असते हे आपल्या ध्यानात आले नाही. एका मोटारीतून एक मनुष्य जातो आणि तेवढ्याच जागेतून पाच-सहा सायकली जातात. मोटारवाला धूर, आवाज आणि मृत्यूची जोखीम यांची किंमत स्वतः भरत नाही. ती दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. हॉलंडच्या कायद्याने ही जोखीम काही अंशी जिकडची तिकडे परतवली आहे. मोटारीची आणि सायकलस्वाराची टक्कर झाली तर भरपाईची जबाबदारी प्रथम मोटारवाल्याची मानली जाते. जखमी चौदा वर्षांखालील मूल असेल, तर जवळजवळ प्रत्येक वेळी संपूर्ण भरपाई. प्रौढ असेल, तर चूक त्याची असली तरी साधारणपणे निदान निम्मी. जो अधिक इजा करू शकतो त्याने अधिक जपावे, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे.

आणि हो, बिल्ला. आर्नहेमच्या जुन्या बाजारात एका टेबलावर तांब्याचे छोटे बिल्ले विकायला होते. विचारले तर सायकलकराचे. १९२४ साली तेथे हा कर सुरू झाला, वर्षाला तीन गिल्डर. पुढे त्याचे उत्पन्न रस्त्यांच्या निधीत जाऊ लागले. म्हणजे मोटारींसाठी जे रस्ते झाले त्यांना कामगाराच्या सायकलीचा पैसा लागला. बेकारांना बिल्ला फुकट मिळे, पण त्याला मधोमध भोक पाडलेले असे, म्हणजे पाहणाऱ्याला कळावे की हा बेकार आहे. १९४१ साली तो कर रद्द झाला. मी एक भोक पाडलेला बिल्ला विकत घेतला. तो आज माझ्या टेबलावर आहे. रस्त्यासाठी आपणही पैसे देतो, हे वडिलांचे म्हणणे खरे होते. फक्त त्या पैशात कोणाचा रस्ता झाला, हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता.

आता दुसरी बाजू. हॉलंड हा आदर्शलोक आहे, असा ग्रह करून घेऊ नका. डेल्फ्टच्या पुढे काचेच्या शेतघरांचा मोठा टापू लागतो. तेथे टोमॅटो आणि फुले तोडणारे मजूर पुष्कळसे पोलंडसारख्या देशांतून आलेले, ठेकेदाराने पुरवलेले आणि ठेकेदारानेच दिलेल्या खोल्यांत दाटीने राहणारे. सायकलवाट त्यांच्याही दारावरून जाते, पण वाट समान असली म्हणजे वेतन समान होत नाही. डेल्फ्टमध्येच डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एका शाखेची जुनी इमारत आहे. याच कंपनीने सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली होती. त्या सुबत्तेच्या तळाशी कोणाचे श्रम आहेत, हे आपण विसरू नये. ग्रोनिंगनच्या भोवती १९५९ साली नैसर्गिक वायू सापडला. त्यावर देशाचा कल्याणकारी खर्च पोसला गेला आणि वायू काढल्यामुळे जमीन हादरून तेथील शेतकऱ्यांची घरे तडकली. लाकडाचे टेकू दिलेल्या भिंती मी पाहिल्या. २०२४ मध्ये ते उत्खनन कायमचे बंद करण्यात आले. मृत्यूही संपलेले नाहीत. २०२२ साली तेथे ७४५ माणसे रस्त्यावर मेली, त्यात २९१ सायकलस्वार होते. वृद्ध मंडळी आणि वेगवान बॅटरीच्या सायकली हा तेथील नवा प्रश्न आहे. तरीही बत्तीसशेवरून साडेसातशेवर आलेला आकडा हा मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या त्या आयांचा विजय आहे. आणि उट्रेख्टमधील तो बुजवलेला खंदक? मी प्रवास केला त्या सुमारास तेथे खोदकाम चालू होते. २०२० साली राजमार्गाच्या जागी पुन्हा पाणी आले. एकदा केलेली चूक उलटवता येते, पण त्याला पंचेचाळीसहून अधिक वर्षे लागतात. आपण ती चूक आज करीत आहोत.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि पाच टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे मोटार. त्यानंतर मोटारी वाढल्या आहेत हे उघडच आहे. पण ज्यांच्याकडे ती नाही, ते आजही बहुसंख्य आहेत. आणि रस्त्याचे वाटप? ते तुम्ही पाहताच. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, म्हणजे कागद आपल्याकडेही आहे. कागदाच्या मागे उभे राहणारे माणूस नाही. आपल्याकडे सायकलीवर बोलतात ते पर्यावरणवादी मित्र आणि रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणारे हौशी लोक. दोघांविषयी मला आदर आहे. पण वखारीत, बांधकामावर, कारखान्याच्या दुसऱ्या पाळीला सायकलीवर जाणारा मनुष्य त्यांच्या सभेला येत नाही, आणि आपण त्याला आपल्या सभेला या विषयासाठी बोलावीत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. येथून आपापल्या गावी गेल्यावर एक दिवस सकाळी सहा ते आठ आपल्या गावातील मोठ्या रस्त्यावर उभे राहा आणि सायकली मोजा. कोण चालवतो, कोठून येतो, कोठे जातो, हे विचारा. मग नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात त्या माणसासाठी किती रुपये आहेत ते शोधा. आणि रस्त्यावर कोणी मेला, तर ठरावात ‘अपघाती’ लिहिण्यापूर्वी त्या जागी जाऊन पाहा. मी हे त्या वेळी केले नाही. आमच्या शिपायाची सायकल नंतर बरेच दिवस महाविद्यालयाच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात वाकड्या चाकानिशी उभी होती. मी रोज तिच्यावरून जात होतो.

काल पंगतीत प्रश्न विचारणाऱ्या तरुण मित्राला माझे उत्तर पटले की नाही, ते त्याने चर्चेत सांगावे. मी थांबतो.